चांदी काळी का येते? पाच हजारांत दागिन्यांचा कॅटलॉग काढण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. हुपरीत घरचा पैंजण आणि जोडव्यांचा माल तयार होतो, जोडीला मुलामा दिलेल्या ठुश्या आणि साज. दीडशेच्या आसपास नगांचा कॅटलॉग छापून कोल्हापूर-सांगलीच्या दुकानांत द्यायचाय, व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवायचाय. हाताशी मधल्या किमतीचा मोबाइल आहे, खर्चाची तयारी पाच हजारांपर्यंत. घडीचा लाइटबॉक्स ऑनलाइन मागवून झाला. तरी चांदी कुठे काळीकुट्ट, कुठे पांढरीफटक येते, मागचा पांढरा कागद राखाडी दिसतो आणि ठुशीचे मणी पुसट येतात. आता चांगला कॅमेरा घ्यावा का?

नका घेऊ, ताई. मी कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, म्हणजे गुजरीतल्या दुकानांसाठी बरीच वर्षं दागिन्यांचे फोटो काढतोय, आणि तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारींपैकी एकही नव्या कॅमेऱ्याने जाणार नाही. छपाईचा हिशोबच बघा. कॅटलॉगच्या पानावर एका दागिन्याला सहा सेंटिमीटरची चौकट मिळाली, तर ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) साधारण ७१० पिक्सेल लागतात. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो. म्हणजे अख्ख्या ए-फोर पानावर एकच पैंजण छापायचं म्हटलं तरी तो पुरतो. पैसे घालायचे ते उजेडावर, मोबाइल न हलण्यावर आणि चार कागदांवर.

आधी चांदी काळी का येते ते समजून घ्या, बाकी सगळं त्यातून येतं. उजाळलेल्या चांदीला फोटोत स्वतःचा रंग जवळपास नसतोच. तिच्यासमोर जे असेल ते ती दाखवते. समोर पांढरा कागद असेल तर ती पांढरी, अंधारी खोली असेल तर काळी, तुमची जांभळी साडी असेल तर जांभळी. तुमच्या घडीच्या लाइटबॉक्सचं तिथेच घोडं पेंड खातं. त्याच्या छताला एलईडीची उघडी पट्टी असते, तिचे ठिपके चांदीत जसेच्या तसे उमटतात, ते झालं पांढरंफटक. आणि बॉक्सचं तोंड पुढून उघडं असतं, त्यातून चांदीला तुमची खोली, तुम्ही आणि मोबाइल दिसतो, ते झालं काळं. दिवे वाढवले की फटक भाग आणखी फटक होतो, काळा भाग काळाच राहतो. म्हणून दागिन्याकडे बघत बसू नका. दागिन्याच्या जागी आपला डोळा आहे असं समजून चहूकडे बघा: वर काय दिसतंय, डावीकडे काय, समोर काय. जे दिसेल ते सगळं तुमच्या फोटोत येणार आहे. आपलं खरं काम ते आजूबाजूचं रचण्याचं.

त्यासाठी घरी करता येईल अशी रचना सांगतो. मिक्सर किंवा छोट्या टीव्हीचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, साधारण दीड फुटाचा. दोन्ही बाजू आणि वरचा भाग कापून, कडेला दोन बोटं पट्टी ठेवून खिडक्या करा आणि त्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा. सुरकुती पडू देऊ नका, चांदीत सुरकुतीही दिसते. आत कार्डशीट मागच्या भिंतीवरून गोलाकार खाली सोडा, कोपऱ्यात दुमडू नका, म्हणजे मागे रेघ येत नाही. दिवे खोक्याच्या बाहेर, कागदापासून फूट-दीड फूट लांब. दिवा कागदाला चिकटवला की कागदावर मधोमध पांढरा गोळा होतो आणि चांदीतही तोच गोळा दिसतो. लांब नेला की अख्खा कागद उजळतो. तो उजळलेला कागद हाच तुमचा खरा दिवा. छोट्या वस्तूला फूटभराचा कागद म्हणजे केवढा तरी मोठा दिवा झाला, आणि दिवा वस्तूच्या मानाने जितका मोठा आणि जवळ, तितक्या सावल्या मऊ.

समोरची उघडी बाजूही बंद करायची. सनबोर्डचा, म्हणजे पाट्यांना वापरतात त्या हलक्या पांढऱ्या बोर्डचा तुकडा घ्या. फ्लेक्स छापणाऱ्यांकडे कटपीस पडलेले असतात. त्याला लेन्सपुरतं भोक पाडा आणि मोबाइल त्यामागे ठेवा. पैंजण वरून सरळ घेताना तर हे हवंच, नाहीतर सपाट कड्यांत मोबाइलचा काळा चौकोन हमखास येतो.

आता एवढं केलंत आणि पहिला फोटो काढलात की तुम्ही म्हणाल, काळं गेलं, पण पैंजण पत्र्याचं वाटतंय. बरोबर आहे. चहूकडे पांढरंच असेल तर चांदी पांढऱ्या प्लास्टिकसारखी सपाट दिसते, गोलाई मरते. चांदी चांदी वाटते ती उजेडाशेजारी अंधार असला की. म्हणून काळ्या कार्डपेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा आणि चिमट्याने दागिन्याच्या दोन्ही अंगांना, फोटोच्या चौकटीच्या जेमतेम बाहेर उभ्या करा. जोडव्याच्या गोल कडेवर लगेच एक बारीक काळी रेघ उमटते आणि तो नग कागदावरून उठून येतो. पट्टी अर्धा इंच पुढे-मागे केली की ती रेघ जाड-बारीक होते. स्क्रीनवर बघत बघत पट्टी सरकवा, घाई करू नका. पुढची पायरी म्हणजे दोन्ही बाजूंचा उजेड सारखा न ठेवणं. एक दिवा जवळ, दुसरा दुप्पट लांब. मग चांदीवर पांढऱ्यापासून राखाडीपर्यंत उतरत जाणारी छटा येते. दुकानदाराच्या नजरेत भरतं ते हेच. या एका गोष्टीवर अख्खी दुपार घालवलीत तरी चालेल, पुढचे दीडशे नग त्याच मांडणीत निघणार आहेत.

रव्याचं (चांदीच्या बारीक दाण्यांचं) काम किंवा घुंगरं असतील तर मात्र नुसता मऊ उजेड त्यांना मारतो. रव्याला चमक हवी, आणि चमक येते छोट्या उघड्या दिव्यातून. ट्रेसिंग पेपरला एका कोपऱ्यात दोन बोटांचं भोक ठेवा आणि त्यातून एका लांबच्या बल्बचा उजेड तिरपा आत येऊ द्या. प्रत्येक रव्यावर एक ठिणगी दिसते. साजातल्या माणिक-पाचूच्या खड्यांनाही हीच युक्ती लागते. ऑक्सिडाइज्ड कामाला तोच उजेड आणखी खालून, जवळजवळ टेबलालगत आणा, म्हणजे नक्षीच्या खाचा उठतात.

दिवे कसले घ्यायचे? पुस्तकांत आणि व्हिडिओंत सांगतात, उत्तरेची खिडकी घ्या, तिथून ऊन येत नाही. तो सल्ला युरोपातला आहे, तिकडे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला असतो. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत येतं. जूनमध्ये पाऊस लागला की ऊन जातं, उजेड सुंदर मऊ होतो, पण ढग सरकेल तसा मिनिटाला बदलतो. एका साजाचा फोटो काढायचा असेल तर पावसाळ्यातली खिडकी मला कुठल्याही दिव्यापेक्षा आवडते. कॅटलॉगला मात्र दीडशे नग सारखे दिसायला हवेत आणि काम चार-सहा दिवस चालणार. म्हणून पडदे लावा, खोलीतली ट्यूब बंद करा, आपले दिवे तेवढे ठेवा. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळसर उजेड एकत्र आला की चांदीची एक बाजू निळी, दुसरी पिवळी येते, आणि ते नंतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये नीट सुधारत नाही.

बल्ब दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वॅटचे, एकाच खोक्यातले घ्या. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो. तो ९० च्या वरचा शोधा. घरात लावतो त्या साध्या एलईडीचा साधारण ८० असतो. हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि गडद लाल त्या आठांत नसतो, त्याचा आकडा आर-नाइन म्हणून वेगळा सांगतात. त्यामुळे ८० वाल्या बल्बखाली माणिक तपकिरी, मेल्यासारखं दिसतं आणि आपण मोबाइलला दोष देतो. साज विकायचा असेल तर इथे हात आखडता घेऊ नका. दुसरी तपासणी दुकानातच करा: बल्ब लावायला सांगा आणि मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकत असतील तर तो बल्ब लुकलुकतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा बल्ब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो. तसलाच मिळाला, तर शटर (फोटो घेताना उजेड आत यायचा वेळ) १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवलं की पट्टे जातात.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर कागद, सनबोर्ड, चिमटे मिळून चार-पाचशे, मोबाइलचा घट्ट ट्रायपॉड हजार-बाराशे, बल्ब, होल्डर आणि स्टँडला दीड-दोन हजार. उरलेले पैसे मोडू नका, ते छपाईच्या प्रूफला, म्हणजे आधी छापून बघायच्या नमुन्याला लागतील.

आता मोबाइल. कॅमेऱ्यात प्रो मोड (सगळं हाताने ठरवायचा पर्याय) असेल तर तोच वापरा: आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) सगळ्यात कमी, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची जुळणी) एका आकड्यावर पक्का, फोकस हाताने. आयएसओ कमी म्हणजे शटर लांब, म्हणून ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. बोट लागूनही फोटो हलतो. प्रो मोड नसेल तर स्क्रीनवर दागिन्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो. एआय, ब्यूटी, फिल्टर सगळं बंद.

मणी पुसट येण्याचं कारण बहुतेक असं आहे की तुम्ही मोबाइल फार जवळ नेताय. जवळ गेलं की ठरावीक पातळ थरातलंच स्पष्ट येतं, पुढचा मणी टोकदार आणि मागचा धूसर. शिवाय जवळ गेल्यावर काही मोबाइल न सांगता मॅक्रोच्या (अगदी जवळच्या फोटोच्या) वेगळ्या लेन्सवर जातात, आणि स्वस्त मोबाइलमध्ये ती लेन्स जेमतेम २ मेगापिक्सेलची असते. तो पर्याय बंद करा. मुख्य लेन्स ठेवा, मोबाइल फूटभर मागे घ्या, ५० मेगापिक्सेलचा पर्याय असेल तर तो लावा आणि नंतर फोटो कापा. मागे गेल्याने आकारही सरळ राहतो. जवळून घेतलेल्या पैंजणाचा पुढचा भाग फुगलेला दिसतो आणि दुकानदाराला वजनाचा चुकीचा अंदाज येतो.

ठुशीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे भलेभले अडतात. ठुशीचा प्रत्येक मणी गोल, आणि गोल वस्तू समोरची जवळपास सगळी खोली आपल्यात घेते. एक मणी मोठा करून बघा: वर ट्रेसिंग पेपरचा उजळ चौकोन, बाजूला काळी पट्टी, खाली कागद आणि बरोबर मधोमध एक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे तुमच्या मोबाइलची लेन्स. तो कितीही केलं तरी पूर्ण जात नाही, पण मोबाइल मागे गेला की इतका लहान होतो की छापल्यावर दिसत नाही. ठुशी सपाट पसरू नका. पांढऱ्या कागदाची गुंडाळी करून तिच्यावर गळ्यात बसते तशी बसवा, आणि फोकस मधल्या पदकावर न घेता पदक आणि पुढचा मणी यांच्या मधोमध घ्या. दोन्ही बरे येतात.

साजाची गोष्ट वेगळी. त्यात २१ पानड्या (छोटी पदकं), दशावतार आणि अष्टमंगलापासून ताइतापर्यंत, आणि प्रत्येक पानडी आपल्या मर्जीने वळते. एक पानडी जराशी कलली की ती खोक्याचा वेगळाच कोपरा दाखवते आणि ओळीत एकटीच काळी पडते. बांबूच्या टूथपिकने एकेक सरळ करा, हात लावू नका. सुटणारी पानडी मागून मेणाच्या कणाने टेकवा. गिऱ्हाईक साज घेताना पानड्या मोजतं, त्यामुळे सगळ्या एकवीस सुट्या आणि समोरून दिसल्याच पाहिजेत, आणि जवमणी, पानडी, जवमणी हा क्रम नजरेला कळला पाहिजे. एवढ्या मोठ्या नगाचा एक पूर्ण फोटो आणि मधल्या तीन पानड्यांचा एक जवळचा फोटो द्या.

मुलाम्याच्या मालाला चांदीची पांढरी मांडणी जशीच्या तशी लावली तर सोनं फिकट, लिंबू रंगाचं येतं. एका बाजूला मोतिया रंगाचं कार्डशीट लावा. मिठाईच्या खोक्याचा आतला सोनेरी पुठ्ठाही चालतो, पण लांबून आणि थोडाच. नग प्रत्यक्ष हातात घेतल्यावर फोटोपेक्षा फिका वाटला तर दुकानदार पुढच्या वेळी फोटो बघून ऑर्डर देणार नाही, आणि कॅटलॉगचा सगळा अर्थ तर तोच आहे.

पार्श्वभूमीबद्दल माझं ठाम मत आहे: लाल मखमल बाजूला ठेवा. दुकानात ती शोभते, फोटोत तिचा लाल रंग चांदीच्या पोटात उतरतो आणि तिचे तंतू प्रत्येक घुंगरात अडकलेले दिसतात. चांदीला फिकट राखाडी कार्डशीट सगळ्यात चांगलं. पांढऱ्यावर चांदीची कड हरवते. पांढरं लागेल ते ऑनलाइन विक्रीला. अ‍ॅमेझॉनला मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला. तुमचा पांढरा कागद राखाडी येतो कारण कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं गृहीत धरून उजेड ठरवतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एक पायरी, लागलं तर थोडं जास्त वाढवा. त्याहून सोपा उपाय म्हणजे खिडकीच्या काचेचा तुकडा दोन डब्यांवर वीतभर उंच ठेवायचा, दागिना काचेवर आणि खालच्या पांढऱ्या कागदावर वेगळा दिवा. सावली काचेखाली विरून जाते, कागद पांढराशुभ्र येतो आणि नंतर एकेक फोटो कापत बसावं लागत नाही. काच मात्र डोळ्यात तेल घालून पुसा.

पुसण्यावरूनच सांगतो. माल रिठ्याच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, मगच टेबलावर आणायचा, आणि त्यानंतर सुती हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. फोटोतला एक बोटाचा ठसा अ‍ॅपमध्ये काढायला पाच-दहा मिनिटं जातात, कापडाने पाच सेकंद. नग बांधायला रबरबँड वापरू नका. रबरात गंधक असतं आणि गंधकाने चांदी काळवंडते. पावसाळ्यातल्या दमट हवेत तर जास्तच, त्यामुळे उजाळलेला माल झिपच्या पिशवीत ठेवा, लागेल तसा काढा. टांगायचं असेल तर नायलॉनचा बारीक दोरा वापरा.

काम सुरू करताना ट्रायपॉडचे पाय, दिवे आणि खोका यांच्या जागा जमिनीवर आणि टेबलावर चिकटपट्टीने आखून ठेवा. आधी सगळी पैंजणं, मग सगळी जोडवी. एका प्रकारात मोबाइलचं अंतर बदलायचं नाही, म्हणजे कॅटलॉगमध्ये लहान पैंजण लहान आणि मोठं मोठं दिसेल. प्रत्येक गटाच्या सुरुवातीला राखाडी कार्डाचा एक फोटो घ्या, रंग नंतर त्यावरून जुळवता येतो. प्रत्येक नगाआधी कोड, वजन आणि लांबी लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो काढा, मग दागिन्याचा. दीडशे सारखी पैंजणं स्क्रीनवर आली की कुठलं कितीचं हे घडवणाऱ्यालाही सांगता येत नाही. नंतरचं काम थोडंच असतं. स्नॅपसीडमध्ये एका फोटोवर केलेले बदल पुढच्याला तसेच लावता येतात. कॉम्प्युटर असेल तर डार्कटेबल मोफत आहे आणि एका गटाला एकदम तीच सेटिंग देता येते. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून प्रेसला पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो.

आणि दीडशेच्या दीडशे काढून मग प्रेसकडे जाऊ नका. आधी पाच नग निवडा: एक साधं पैंजण, एक रव्याचं, एक जोडवं, एक ठुशी, एक साज. त्यांचं एक पान लावून, ज्या कागदावर कॅटलॉग छापायचाय त्याच कागदावर प्रूफ मागवा. स्क्रीनवरचा रंग उजेडाचा, छपाईचा चार शाईंचा, त्यामुळे माणिकाचा लाल आणि मुलाम्याचा पिवळा दोन्ही थोडे मंदावतात आणि राखाडीत कधी हिरवट झाक येते. ते पान आणि ते पाच नग दिवसाच्या उजेडात, दारात उभं राहून शेजारी शेजारी धरा. सोनं मेलेलं वाटलं तर सोनेरी पुठ्ठा थोडा जवळ घ्या, चांदी हिरवट वाटली तर प्रेसवाल्यांना तसं सांगा. दुसरं प्रूफ पटल्यावरच उरलेला माल पिशव्यांतून बाहेर काढा.